अव्वल गट

सभा भरली सांग्यात, पंचायतीच्या वरच्या खोलीत,
पंखा एक, खुर्च्या अकरा, माणसं चौदा.
कुडचड्याच्या मिंगेल सरांनी फळ्यावर आडवी रेघ ओढली
आणि म्हणाले, हिच्या वर चार संघ, हिच्या खाली आठ.
चौदा वर्षांखालच्या पोरांच्या बेसबॉलला
आता एक अव्वल गट हवा.

नावावरच तास गेला.
कुणी म्हणालं श्रेष्ठ, कुणी विशेष,
डॉक्टर कुंकळ्येकर म्हणाले एलिटच ठेवा,
प्रायोजकाला पटकन कळेल.
मी सचिव. मी सगळी नावं लिहून घेतली
आणि सांगितली ती खोडली.

मग नियम.
अव्वल संघाकडे दोन-दोन गणवेश हवेत,
बॅटिंगला उभ्या प्रत्येकाला हेल्मेट,
आणि परगावच्या सामन्यांना जायला
स्वतःची बस.
हात वर करा म्हटलं, हात वर झाले.
त्यात माझाही होता, पेनासकट.

नेत्रावळीच्या संघाकडे बस नाही.
सोयरू वेळीपाचा पिकअप आहे,
आठवडाभर केळी आणि सुपारी नेणारा,
रविवारी पंधरा पोरं.
गेल्या हंगामात अकरा सामन्यांतले नऊ त्यांनी जिंकले.
हेही मीच लिहिलंय,
याच वहीत, चार पानं अलीकडे.

पत्र टपालाने पाठवता आलं असतं.
मी स्कूटर काढली.

मैदान म्हणजे कापणी झालेलं शेत.
भाताचे खुंट बुटांतूनही टोचतात,
आणि बूट सगळ्यांना नाहीत.
बेस म्हणजे रेती भरलेली खताची पोती.
तिसरं उसवलंय,
कुणी घसरत आलं की थोडं सांडतं,
मग सगळ्यांत धाकटा पोरगा ओंजळीने परत भरतो
आणि तेवढा वेळ खेळ थांबतो, कुरकुर न करता.
होम प्लेट फणसाच्या फळीची.
चेंडू काजूच्या बागेत गेला तर दोनच धावा,
कारण चेंडू तीनच आहेत.

पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरते
म्हणून सोयरूच्या बायकोने ग्लोव्ह
चुलीवरच्या माळ्यावर ठेवले होते,
सोलांच्या टोपलीशेजारी.
अजून कॅचरच्या हातात चेंडू थडकला
की आमसुलाचा वास येतो, धुराचा येतो.

मी पत्र वाचून दाखवलं.
सोयरूने विचारलं, बस भाड्याची चालेल?
म्हटलं, नियमात ‘स्वतःची’ लिहिलंय.
कुणी लिहिलंय?
मी पत्राची घडी घालत राहिले,
घडी होती त्याहून बारीक.

मग तोच म्हणाला, बाई, आलाच आहात तर
अंपायर व्हा. आमचा अंपायर आज
बहिणीच्या साखरपुड्याला गेलाय.

उभी राहिले कॅचरच्या मागे, पत्र ओढणीत खोचून.
पिचर शेवंती, तेरा वर्षांची, डावखुरी,
पाय उचलते तेव्हा बांधावरचा बगळादेखील मान वळवतो.
दोन स्ट्राइक झाले. तिसरा चेंडू
फळीच्या कडेला चाटून गेला की नाही,
केसभराचा प्रश्न होता.
नाही गेला.
मी म्हणाले, बॉल.
सगळं शेत माझ्याकडे बघायला लागलं.
शेवंतीने मान हलवली,
बरोबर, म्हणाली,
आणि पुढचा चेंडू टाकायला मागे वळली.

परतताना स्कूटरच्या पायाशी केळ्यांचा घड होता,
नको म्हटलं तरी ठेवलेला.
सावर्ड्याजवळ ट्रकांची लाल धूळ उडत होती.
थांबले, वही काढली, पुढच्या सभेची विषयपत्रिका लिहायला घेतली.

विषय चौथा: तिसऱ्या नियमातला ‘स्वतःची’ हा शब्द.
विषय पाचवा: चेंडू, एक डझन.
विषय सहावा: सचिवांचा राजीनामा,
लागल्यास.